दृष्टांत उरला, सूत्र कुठे? लौकिक कथेतील ज्ञान आणि स्मृती : एक आढावा

प्रश्नाची जागा

सांगोल्याहून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटरवर आहे. आषाढी-कार्तिकीच्या आधी मिरज-सांगलीकडच्या आणि कर्नाटकातल्या कितीतरी दिंड्या सांगोल्यावरून पुढे जातात. मुक्कामाच्या गावी रात्री कीर्तन होते. अभंगाचे निरूपण करताना महाराज दृष्टांत देतात. तो कधी पुराणातला असतो, कधी शेतातला, तर कधी ‘श्यामची आई’तला. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी याच तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ शिकवली जाते, तेव्हा तिच्याकडे ग्रामीण कादंबरी म्हणून पाहिले जाते. माणदेशचा दुष्काळ, धनगरांचे जगणे, लेखकाची मोजकी भाषा यांवर प्रश्न विचारले जातात. तिच्यात परमार्थाचे काही आहे का, असे सहसा कोणी विचारत नाही.

कीर्तनाच्या मांडवात जे सहज घडते ते वर्गात घडत नाही. या आढाव्याचा विषय या दोहोंमधल्या अंतरात आहे. धर्माचा प्रचार करणे हा जिचा हेतू नाही, अशा कथा-कादंबरीत धार्मिक सत्य सापडू शकते का? सापडत असेल तर ज्ञान आणि स्मृती या दोन बाबतींत ती कथा नेमके काय सांगते? आणि सापडलेले ते सत्य कथेचे म्हणायचे की वाचकाचे? मराठीत या प्रश्नावर एकसलग वाद फारसा झालेला नाही. सौंदर्यशास्त्र, संतसाहित्याचा अभ्यास, दलित साहित्याची समीक्षा आणि खुद्द कादंबरीकारांचे लेखन अशा चार ठिकाणी तो विखुरलेला आहे. हे तुकडे एकत्र मांडून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. ‘लौकिक’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. परमार्थाच्या भाषेत लौकिक म्हणजे संसारातले, प्रपंचातले. सौंदर्यशास्त्रात मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) ज्या विचाराला लौकिकतावाद म्हटले, त्याच्या मते कलेचा अनुभव आपल्या नेहमीच्या जीवनाशी, ज्ञानाशी, नीतीशी जोडलेला असतो. अलौकिकतावाद कलेला या सर्वांपासून स्वतंत्र मानतो. म्हणजे कादंबरीत धर्मसत्य शोधणारा भाविक वाचक पाटणकरांच्या परिभाषेत लौकिकतावादी ठरेल. हा गोंधळ ध्यानात घेतला नाही, तर दोन बाजूंची माणसे एकच शब्द उच्चारत एकमेकांना चुकवत राहतात.

जुनी वहिवाट : सूत्र, दृष्टांत, दार्ष्टान्तिक

गोष्टीतून धर्म सांगण्याची मराठीतली रीत मराठी ग्रंथांइतकीच जुनी आहे. महानुभाव पंथातला ‘दृष्टांतपाठ’ तिचा सर्वांत रेखीव नमुना आहे. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्यांची संख्या ११४ आहे. प्रत्येक दृष्टांताचे तीन भाग आहेत. आधी सूत्र येते, म्हणजे स्वामींचे तत्त्ववचन. मग दृष्टांत येतो, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक येते, म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला कशी लागू पडते याचा खुलासा. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचे. जन्मांध माणसे हत्ती चाचपून पाहतात आणि प्रत्येक जण हाती आलेल्या अवयवालाच हत्ती समजतो, ही कथा या ग्रंथात आहे. गोष्ट पूर्णपणे लौकिक आहे. विषय मात्र ज्ञानाचा आहे, अपुऱ्या ज्ञानाला पुरे समजण्याच्या चुकीचा.

या रचनेतला एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. केसोबासांनी स्वतःचा खुलासा स्वामींच्या शब्दांत मिसळून टाकला नाही, तो वेगळा ठेवला. वाचणाऱ्याला आजही मूळ गोष्ट कुठे संपते आणि अर्थ लावणारा कुठे बोलू लागतो हे स्पष्ट दिसते.

स्मृतीच्या बाबतीत महानुभावांचा दुसरा ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, तेवढाच बोलका आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी-ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांच्या पाठांतरावरून तिचे पाठ पुन्हा उभे राहिले, असे परंपरा सांगते. त्यांतल्या एका पाठाला हिराइसा या शिष्येचे नाव आहे. देव निघून गेला, पोथीही गेली, तरी आठवण राहिली. या पंथात आठवण हीच साधना झाली.

वारकरी परंपरेत एकनाथांच्या भारुडांनी दुसरी वाट घातली. विंचू, वासुदेव, जोशी, गोंधळी ही सगळी रस्त्यावरची रूपे आहेत. त्यांना नाथांनी अध्यात्माच्या बोलीत बोलायला लावले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तरल्या, ही कथाही येथे आठवते. तिचा एक उलगडा असाही केला जातो की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या ओठांवर होते, म्हणून गाथा तरली. चमत्कार मानणारा आणि न मानणारा असे दोघेही त्या कथेत शेवटी स्मृतीपाशीच येऊन थांबतात.

स्मृती या शब्दाचे पदर

या वादात ‘स्मृती’ हा शब्द सगळे जण वापरतात, पण प्रत्येकाच्या मनात तिचा अर्थ वेगळा असतो. निदान पाच अर्थ वेगळे करता येतात.

पहिला अर्थ दर्शनशास्त्रांचा. न्याय आणि मीमांसा या दर्शनांत स्मृती प्रमाण मानलेली नाही. एकदा कळलेलेच ती पुन्हा समोर ठेवते, नवे काही कळवत नाही, असे त्यांचे म्हणणे. जैन तार्किकांनी मात्र स्मृतीला आणि प्रत्यभिज्ञेला, म्हणजे ‘हे तेच’ अशा ओळखीला, परोक्ष प्रमाणांत जागा दिली. दुसरा अर्थ धर्मशास्त्राचा. तेथे स्मृती म्हणजे श्रुतीच्या खालोखाल अधिकार असलेला ग्रंथ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली ती मनुस्मृती या अर्थाची.

तिसरा अर्थ भक्तीचा. नवविधा भक्तीत स्मरण आहे, वारकऱ्यांचे नामस्मरण आहे, सूफींचा जिक्रही त्याच जातीचा आहे. सांगोल्याशेजारच्या मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाचे काम करताना भिंत पडून गेले. नामदेवांनी त्यांची हाडे ओळखली ती त्यांतून येणाऱ्या विठ्ठलनामामुळे, अशी कथा आहे. या कथेत स्मरण मनापुरते राहत नाही, ते हाडांपर्यंत उतरते. चौथा अर्थ बौद्ध ‘सती’चा. तिचे संस्कृत रूप स्मृती हेच आहे, पण रोख गेलेल्या काळाकडे नाही. चालू क्षणाचे अखंड भान असा तिचा अर्थ आहे.

पाचवा अर्थ ओळख पटण्याचा. कालिदासाच्या दुष्यंताला अंगठी दिसली आणि शकुंतला आठवली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली तेच नाटक संगीतात आणले आणि मराठी रंगभूमीचे एक युग सुरू झाले. कथा शृंगाराची आहे, पण ‘विसरलो होतो, ओळख पटली’ हा तिचा कणा शैव प्रत्यभिज्ञा दर्शनाचाही कणा आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती, ज्ञान आणि त्यांचे नाहीसे होणे हे सारे भगवंतापासून होते असे म्हटले आहे. अठराव्याच्या शेवटी अर्जुन आपला मोह गेला आणि स्मृती परत आली असे सांगतो. म्हणजे गीतेच्या हिशेबी ज्ञान होणे हे आठवण्यासारखे आहे. ज्ञानदेव ‘अमृतानुभवा’त याच्याही पुढे जातात. शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो, हा त्याचा उपकार ते मान्य करतात. पण जे स्वतःला कधी विसरलेच नाही त्याला आठवण कोण देणार, असे विचारून ते शब्दाचे, अज्ञानाचे आणि शेवटी ज्ञानाचेही खंडन करतात.

हे पाचही अर्थ मराठी कथा-कादंबरीत वावरतात. समीक्षेत मात्र ते क्वचितच वेगळे केले जातात.

कादंबरी आली तेव्हा

मराठी कादंबरी धर्माच्या उंबरठ्यावरूनच आत आली. इंग्रज लेखक बन्यनचे धार्मिक रूपक हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) हिंदू विधवांची दुःस्थिती आणि ख्रिस्ती धर्माची दिशा या दोन्ही गोष्टी आहेत. दृष्टांतपाठाच्या भाषेत बोलायचे तर या कादंबरीत सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक हे तिन्ही भाग एकाच हाताने लिहिले होते.

पुढे सूत्र मागे सरकत गेले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्ये यमू स्वतःच्या आठवणी सांगते. तिच्या मागे कोणतेही धर्मवचन उभे नाही, फक्त साक्ष आहे. वामन मल्हार जोशींनी ‘रागिणी’त (१९१५) तत्त्वचर्चा कथेच्या अंगणात आणली आणि ‘सुशीलेचा देव’मध्ये (१९३०) एका स्त्रीची देवकल्पना टप्प्याटप्प्याने बदलत जाताना दाखवली. धार्मिक ज्ञान कसे वाढते हाच विषय घेऊन लिहिलेली ती पहिल्या महत्त्वाच्या मराठी कादंबऱ्यांपैकी एक. जोशी निष्कर्षापेक्षा विचाराच्या प्रवासाला महत्त्व देतात.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) या इतिहासात अगदी वेगळी उभी आहे. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे आणि शेवटच्या रात्रीचे नाव ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ आहे. श्राद्ध हा विधी. त्याला स्मृती जोडली की गोष्ट सांगणे हाच विधी होतो. पिंड नाही, दर्भ नाही, तरी ते श्राद्धच. लौकिक लेखनाने धार्मिक कर्माची जागा घेतल्याचे इतके उघड उदाहरण मराठीत दुसरे सापडणे अवघड आहे.

चार भूमिका

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाभोवती साधारण चार भूमिका तयार झाल्या.

पहिली भूमिका भाविक वाचकाची आणि कीर्तनकाराची. सत्य एकच आहे आणि ते जेथे दिसेल तेथून घ्यावे, लेखक आस्तिक होता की नास्तिक हे पाहू नये, अशी ही समजूत आहे. तिच्या पाठीशी भारुडाची परंपरा आहे. वेसकराच्या तोंडून ब्रह्म बोलू शकते, तर धनगराच्या कथेतून का नाही? ही भूमिका वाचकाला मोकळे करते आणि साहित्य सामान्य माणसाच्या जगण्यापर्यंत पोचवते. तिच्यावरचा आक्षेप असा, की ती घाईने अर्थापर्यंत पोचते. कथेतले जे तपशील सूत्राला जुळत नाहीत ते गळून जातात आणि प्रत्येक गोष्टीतून आधीच माहीत असलेलेच सत्य निघते.

दुसरी भूमिका कलेच्या स्वायत्ततेची. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ने (१९५५) तिला मराठीत भक्कम बैठक दिली. कलाकृतीचे मोल तिच्या अंतर्गत लयीत आहे, तिच्यातून निघणाऱ्या बोधात नाही. या भूमिकेने मराठी वाचकाला कलाकृतीकडे नीट पाहायला शिकवले. याच मर्ढेकरांनी आपल्या कवितेत अभंग आणि ओवीचे छंद वापरले आणि त्यांबरोबर आलेली आर्तताही नाकारली नाही. घाटाबरोबर त्याची स्मृती येते का, हा प्रश्न त्यांच्या कवितेने उभा केला. त्यांच्या सिद्धांतात त्याचे पुरेसे उत्तर नाही. पाटणकरांनी साहित्याची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे असे सांगून हा ताण मान्य केला. एका ध्रुवाकडे ओढले की दुसरा सुटतो, आणि साहित्याला दोन्ही लागतात.

तिसरी भूमिका सामाजिक चिकित्सेची. गं. बा. सरदारांनी ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) मांडून भक्तीला सामाजिक प्रश्न विचारला. दलित साहित्याने तो अधिक तीव्र केला. बाबुराव बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधल्या माणसांना स्मृती विसावा देत नाही. त्यांची स्मृती अपमानाची आहे. या बाजूने मंगळवेढ्याची कथा वाचली की हाडांतल्या नामाआधी दुसरा प्रश्न येतो. भिंत पडली तेव्हा तिच्याखाली चोखोबाच का होते? राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत देवीची भक्ती एखाद्या शरीराचे आणि आयुष्याचे काय करते ते दिसते. या भूमिकेचे म्हणणे असे, की धार्मिक सत्य शोधताना ते कोणाच्या स्मृतीतून येते हे आधी विचारावे. धर्माचा शोध येथे बंद होत नाही. आंबेडकरांनी १९५६ मध्ये धम्म स्वीकारल्यावर करुणा आणि प्रज्ञा हे शब्द दलित लेखनात नव्या अधिकाराने आले. सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानेही मराठी साहित्याच्या आठवणीत आणखी कोणाकोणाचा वाटा आहे हे जाहीरपणे मांडले.

चौथी भूमिका कादंबरीकारांकडून आली आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. श्याम मनोहरांनी ललित लेखन ज्ञानासाठी असते, ही गोष्ट आपल्या लेखनातून सातत्याने पुढे ठेवली. ‘कळ’, ‘उत्सुकतेने मी झोपलो’ या त्यांच्या कादंबऱ्यांतली मध्यमवर्गीय माणसे जगण्याचा अर्थ कळावा म्हणून धडपडतात. धर्माने दिलेली उत्तरे त्यांना पुरत नाहीत, पण धर्माने विचारलेले प्रश्न त्यांना सोडतही नाहीत. या भूमिकेत कादंबरी धर्माचे उदाहरण राहत नाही. ती धर्माच्या शेजारी बसून तोच प्रश्न स्वतःच्या साधनांनी सोडवू पाहते.

तीन कथा कसोटीला

भूमिका कितीही नीट मांडल्या तरी त्यांची खरी परीक्षा कथेवर होते. येथे तीन कथा घेतो.

पहिली ‘बनगरवाडी’ (१९५५), माणदेशातली, म्हणजे सांगोल्याच्या शेजारातली. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. त्याच्याकडे अक्षरांचे ज्ञान आहे. वाडीकडे मेंढरांचे, पावसाचे, माणसांचे ज्ञान आहे, आणि ते पिढ्यांच्या आठवणीत साठलेले आहे. कारभारी त्या ज्ञानाचा धनी. मास्तर शिकवायला आला आणि हळूहळू शिकत गेला. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे जातात, माणसे जातात, वाडी रिकामी होते. भाविक वाचकाला येथे अनित्यतेचे दर्शन घडेल. चिकित्सक वाचक विचारील, की दुष्काळाला अनित्यता म्हटले तर दुष्काळाची कारणे कोण शोधणार? दोघांचेही म्हणणे कथेला धरून आहे. पण कथा या दोन्हींहून थोडे अधिक करते. वाडी उठते आणि ती आठवणारा एक मास्तर मागे राहतो. ज्यांना अक्षर नव्हते त्यांची स्मृती अक्षर असलेल्याच्या हाती येते. धनगरी ओव्यांतून गजे धनगर रात्र रात्र जे सांभाळत आले, तेच काम या कादंबरीने दुसऱ्या साधनाने केले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेले. ते वाचल्यावर धनगरवाडीची कथा आणि पंढरीची वाट यांतले अंतर कमी होते. मात्र हा जोड ढेऱ्यांच्या संशोधनातून आपण आणतो. माडगूळकरांनी तो कादंबरीत ठेवलेला नाही. त्यांनीच आईच्या आठवणींच्या पुस्तकाला ‘करुणाष्टक’ हे समर्थांच्या रचनाप्रकाराचे नाव दिले. तेथे मात्र लेखकाने आपल्या हाताने दार किलकिले केले आहे.

दुसरी कथा जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’, ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातली. एक वाटसरू मठात जातो आणि त्याच्यावर स्वामीपद लादले जाते. जमिनीखालच्या खोलीत त्याला कायमचे कोंडले जाते. मठाकडे मुक्तीचे तत्त्वज्ञान तयार आहे. त्या माणसाच्या वाट्याला मात्र उजेडाकडे चढणारी एक वेल येते. मठाचे ज्ञान आणि वेलीने दिलेले ज्ञान यांत कथा कोणाच्या बाजूने आहे, यावर वाचकांचे एकमत होत नाही. काहींना ही धर्मसंस्थेवरची जळजळीत टीका वाटते, तर काहींना कैदेतही सापडणाऱ्या मुक्तीची कथा. जी. एं.च्या बहुतेक रूपककथांचे असेच आहे. त्यांना दृष्टांताचा घाट पुरेपूर आहे, पण सूत्र मुद्दाम काढून घेतलेले आहे.

तिसरी जागा भालचंद्र नेमाड्यांची. ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःची काही वर्षे आठवून सांगतो. नायकाचे नाव पंढरीच्या देवाचे, निवेदनात महानुभावी गद्याचा साधेपणा, आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूनंतर अजिंठ्याला बुद्धासमोर उभे राहणे. मराठी धर्मपरंपरांचे तीन धागे एका तरुणाच्या निरर्थकतेत गुंफलेले आहेत. ‘हिंदू’ (२०१०) मध्ये खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. वडील मरणाच्या दारी असल्यामुळे तो गावी परततो आणि आठवणींचे थरांवर थर उकरत जातो. हडप्पा संस्कृतीपासून मोरगावापर्यंत सारे त्यात येते. तेथे स्मृती ही साधना आहे की अडगळ, हा प्रश्न कादंबरीच्या उपशीर्षकातच आहे, आणि त्याच्या आधी ‘समृद्ध’ हा शब्द आहे. कादंबरी दोन्ही बाजू अखेरपर्यंत सांभाळते.

बाहेरच्या जगातही याच गाठी दिसतात. प्लेटोने ज्ञानाला पुनःस्मरण म्हटले. संत ऑगस्टिनने आपल्या ‘कबुलीजबाबां’च्या दहाव्या भागात स्मृतीच्या दालनांत देवाला शोधले. बोर्हेसच्या १९४२ सालच्या कथेतल्या फुनेसला काहीच विसरता येत नाही आणि म्हणून त्याला विचारच करता येत नाही. फुनेसची कथा वाचलेल्या मराठी वाचकाला अमृतानुभवातला आठव-विसराचा विचार आठवला तर ते स्वाभाविक आहे. पण असे नाते आठवणे आणि ते सिद्ध होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मर्यादेचा एक प्रसंग

वाद पुस्तकांपुरता राहत नाही, याची आठवण २००९ साली झाली. आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. तुकोबांच्या पूर्वायुष्याचे कल्पित चित्रण त्यांना असह्य वाटले. कादंबरी मागे घेतली गेली, आणि महाबळेश्वरच्या ८२व्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष असलेल्या यादवांनी पदाचा राजीनामा दिला. कादंबरीकाराच्या बाजूने म्हणणे असे, की संताला माणूस म्हणून पाहणे हा कादंबरीचा धर्मच आहे. वारकऱ्यांच्या बाजूने म्हणणे असे, की तुकोबा हे त्यांच्या रोजच्या स्मरणाचा भाग आहेत आणि स्मरणात कल्पनेची भर घातली तर नुकसान वाचनाचे होत नाही, साधनेचे होते. दोन्ही बाजूंना स्मृतीच सांभाळायची होती. एकीला माणसाची, दुसरीला उपास्याची. या दोन स्मृतींमधला करार आजही झालेला नाही.

काय सुटले, काय उरले

इतके पाहिल्यावर काही गोष्टींवर बऱ्यापैकी सहमती दिसते. लौकिक कथा धार्मिक जाणिवेला स्पर्श करू शकते, हे चारही भूमिका आपापल्या शब्दांत मान्य करतात. लेखकाची श्रद्धा ही त्याची अट नाही, हेही आता फारसे नाकारले जात नाही. आणि अशा वाचनात स्मृतीचा वाटा ज्ञानाहून कमी नाही, हे कथांनीच दाखवून दिले आहे.

न सुटलेले प्रश्न तीन आहेत. पहिला, कथेतून जे मिळते ते सत्य की सत्याचा अनुभव? कथा सत्य ‘दाखवते’ असे म्हणताना आपण प्रमाणाचा दावा करतो. कथा सत्य ‘आठवून देते’ असे म्हणताना फक्त स्मारकाचा, म्हणजे आठवण करून देणाऱ्याचा. भारतीय दर्शनांनी हा भेद काटेकोरपणे केला होता, मराठी समीक्षेने तो अजून पुरेसा वापरलेला नाही. दुसरा, कोणाची स्मृती? वाडीची, मठाची, गावकुसाबाहेरची, दर्ग्याची, चर्चची? यांतली एक स्मृती धर्मसत्य म्हणून उचलताना दुसरी झाकली जाते का, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. तिसरा, विसरण्याचे काय? धर्म स्मरण शिकवतो, पण अपमान सोसलेल्याला विसरण्याचा हक्क आहे का? की त्यानेच सर्वांत जास्त आठवत राहायचे? दलित कथेने हा प्रश्न विचारला आहे, आणि धार्मिक वाचनाने त्याला अजून पुरते उत्तर दिलेले नाही.

हा आढावा लिहिताना माझे मन पुन्हा पुन्हा केसोबासांपाशी गेले. आधुनिक लेखक सूत्र देत नाही आणि दार्ष्टान्तिक लिहीत नाही. तो मधली गोष्ट तेवढी आपल्या हाती देतो. दार्ष्टान्तिक लिहिण्याचा हक्क वाचकाला आहे, आणि तो कोणी काढून घेऊ नये असे मला मनापासून वाटते. पण केसोबासांनी पाळलेला नेमही त्या हक्काबरोबर येतो. आपला खुलासा कथेत मिसळू नये, वेगळा ठेवावा. कथेतला न जुळणारा तपशील लपवू नये. आणि दुसऱ्याचा खुलासा आपल्याहून निराळा असेल तर तोही ऐकून घ्यावा.

कीर्तनाचा मांडव आणि महाविद्यालयाचा वर्ग यांतले अंतर एवढ्याने मिटणार नाही, पण दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे बोलणे कळू लागेल. ‘बनगरवाडी’ शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक तास या प्रश्नासाठी काढावा. कादंबरीतला दृष्टांत देणाऱ्या महाराजांनी ती कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचून मग तो द्यावा. या विषयातले पुढचे काम येथूनच सुरू होऊ शकते.